वृद्धाश्रमात टॅबलेट वाटताय? आधी या चुका टाळा

वृद्धाश्रमाला दहा टचस्क्रीनचे टॅबलेट देणगी मिळतात, फोटो निघतो आणि महिन्याभरात आठ कपाटात जातात. उरलेल्या दोनवर दोन आजोबा कानाला हेडफोन लावून शेजारी शेजारी कीर्तन ऐकतात. एकमेकांशी चकार शब्द नाही.

मूळ चूक हीच, माणशी एक यंत्र. गप्पा व्हायच्या असतील तर यंत्र चौघांत एकच हवं, तेही मधोमध. नेदरलँड्सच्या हेस्टर ल रीश यांनी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्यांसाठी तयार केलेलं ‘टोव्हरटाफेल’ असंच चालतं. छताचा प्रोजेक्टर टेबलावर चित्रं पाडतो, हात फिरवला की ती हलतात. हात पुढे गेला की समोरच्याचा हात दिसतो, मग चेहरा. वस्तू महागडी आहे, पण कॅरमबोर्ड वेगळं काय करतो?

खुर्च्यांकडे तर कुणाचं लक्षच नसतं. त्या भिंतीला टेकवून रांगेत, समोर टीव्ही! १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रॉबर्ट सॉमर आणि ह्यू रॉस या संशोधकांनी कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या एका रुग्णालयात, वृद्धांच्या वॉर्डातल्या अशाच खुर्च्या हलवून लहान टेबलांभोवती मांडल्या. काही आठवड्यांत बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. गंमत म्हणजे सुरुवातीला विरोधही झाला. तुमच्याकडेही खुर्च्या भिंतीकडे परततील, पुन्हा मांडा.

‘आजींना टचस्क्रीन जमत नाही’ हे वाक्य जरा तपासून बघा. कोरड्या बोटांचा स्पर्श स्क्रीनला नीट कळत नाही. शिवाय आजी बोट दाबून ठेवतात, मग भलताच मेनू उघडतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘टच अँड होल्ड डिले’, म्हणजे बोट किती वेळ दाबल्यावर मेनू उघडावा ती वेळ, वाढवा. आयपॅड असेल तर ‘गाइडेड ॲक्सेस’ने एकच ॲप उघडं ठेवा. खरं तर दोन मोठी, दाबल्यावर खट् वाजणारी बटणं उत्तम.

ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत जाऊ नका. वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे बारीक ‘टिंग’ पोहोचतच नाही, आणि मोठा केलेला स्पीकर कर्णयंत्रवाल्यांना सोसत नाही. सूचनेचा स्वर खालच्या पट्टीतला ठेवा, स्पीकर टेबलावर आणा, टीव्ही बंद करा.

फुगे फोडायचे खेळही नकोत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बालवाडीत बसवू नये. त्यापेक्षा जुन्या गाण्याची पहिली ओळ वाजवून थांबणारं यंत्र बनवा. पुढची ओळ कुणीतरी म्हणतंच, दुसरं कुणीतरी ‘चुकलं!’ म्हणतं, आणि भेंड्या सुरू होतात. बहुतेक यंत्रांना हे गप्प बसणंच जमत नाही.

आणि हो, चार्जर कुठे आहे आणि पासवर्ड काय, हे कार्यालयातल्या एकट्या माणसाला ठाऊक असून भागत नाही. रविवारी तो सुट्टीवर असतो. हॉलमध्ये मावशी असतात.