पोटावरची पिशवी काढायचं ऑपरेशन ठरलंय? मग तयारी अशी करा

आतडं फुटलं किंवा अडकलं म्हणून इमर्जन्सीत लावलेली संडासची पिशवी कधी एकदा निघतेय असं पेशंटला होतं, घरच्यांना तर जास्तच, पण निदान तीन महिने आणि बरेचदा सहा महिने थांबावं लागतं, कारण आतली सूज उतरायला आणि चिकटलेलं सैल पडायला तेवढा वेळ जातोच. घाई केली तर दुर्बिणीतून जमणं अवघड.

हे महिने नुसते बसून घालवू नका. तंबाखू, सिगरेट, मिश्रीसुद्धा बंद, नाहीतर ऑपरेशनात आतड्याची दोन टोकं जोडतात तो जोड नीट भरत नाही. शुगर आटोक्यात आणा, अंडी-डाळी-पनीर खा, रोज चाला. आणि ज्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं ते म्हणजे गुदद्वाराचे स्नायू, इतके महिने त्यांना कामच नसतं. संडास रोखून धरतो तसं आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहादा, दिवसातून तीन वेळा. पुढे याचाच उपयोग होतो, खरंच मनावर घ्या.

ऑपरेशनआधी पिशवीच्या तोंडातून आणि खालूनही स्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी होते, कधी डाय टाकून एक्सरे, म्हणजे खालचा भाग अरुंद झालाय का ते कळतं. ऑपरेशनात आतड्याच्या वरच्या टोकात स्टेपलरची चकती बसवतात, स्टेपलर खालून आत घालतात आणि दोन्ही टोकं जोडतात. मग तिथे पाणी भरून खालून हवा सोडतात, पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो ना, अगदी तसंच. सर्जनना आधीच स्पष्ट विचारा की पोट उघडावं लागलं तर काय, आणि जोड जपायला थोडे दिवस दुसरी पिशवी लागू शकते का, कारण दोन्ही होऊ शकतं.

घरी आल्यावर सुरुवातीला दिवसातून सहा-आठ वेळाही पळावं लागेल, घाबरू नका, हळूहळू कमी होतं. पुसत बसू नका, पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, झिंक ऑक्साईडचं मलम लावा. मऊ भात, मुगाची खिचडी चालेल, कोबी-राजमा नंतर. सहा आठवडे भरलेली बादली, सिलिंडर, नातवंड काहीही उचलायचं नाही, नाहीतर पिशवीच्या जागी हर्निया होऊ शकतो.

पहिल्या दोन आठवड्यांत ताप आला, पोट फुगलं, दुखणं वाढत चाललं किंवा छातीत धडधडायला लागलं तर घरी पेनकिलर देऊन सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा, जोड लीक झाला असू शकतो.