उभी राहून गेलेली टाटा १२१० पुन्हा चालती करताना

दहा-पंधरा वर्षं शेताच्या बांधावर किंवा गॅरेजच्या मागे उभी असलेली टाटाची जुनी ट्रक-गाडी १२१० विकत घेतली की पहिल्या दिवशी हमखास एक चूक होते. नवी बॅटरी आणून लोक सेल्फ मारतात. दुसऱ्या एखाद्या ट्रकला दोर बांधून ढकलस्टार्ट करणारेही कमी नाहीत. चांगलं इंजिन वाया जाण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे. या गाडीवर कामाचा क्रम फार महत्त्वाचा. आधी कागद, मग चेसिस, मग चाकं आणि ब्रेक, आणि इंजिन त्यानंतर. हवेच्या ब्रेकची शेवटची तपासणी तेवढी इंजिन चालू झाल्यावरच होते.

टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डायमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. तो १९६९ मध्ये संपला, तेव्हा जमशेदपूरहून निघणाऱ्या ट्रकवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि टाटांचं 'टी' चिन्ह आलं. मशीनचं घराणं मात्र तेच राहिलं. १२१० म्हणजे ढोबळमानाने १२ टन एकूण वजन आणि १०० अश्वशक्ती. आत सहा सिलिंडरचं, सरळ रांगेतलं डिझेल इंजिन, ६९२ किंवा ६९७. तुमच्या गाडीत कोणतं आहे ते ब्लॉकवरची पाटी आणि कोरलेला नंबर वाचून ठरवा. बॉनेट बघून अंदाज बांधू नका, कारण अनेक गाड्यांत मधल्या काळात इंजिन बदललेलं असतं आणि ते आरसी बुकावर चढवलेलंही नसतं.

कागद

२०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांवरच्या गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. पण ती सोय दुचाकींना आणि एम-१ वर्गातल्या प्रवासी चारचाकींनाच आहे. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. म्हणजे तुमची १२१० कितीही जुनी आणि कितीही सुंदर असली तरी कायद्याच्या लेखी ती मालवाहू गाडीच आहे. तिला दरवर्षी पासिंग, विमा, पीयूसी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. गाडी काही काळ उभीच ठेवायची असेल तर आरटीओत नॉन-यूज, म्हणजे गाडी वापरात नाही हे, आधी कळवावं लागतं, नाहीतर उभ्या गाडीवरही कर साचत जातो. सौद्याआधी थकलेला कर आणि जुन्या फायनान्सचा बोजा बघा. जुनं कागदी आरसी बुक ऑनलाइन चढलेलं आहे का तेही विचारा. चेसिस नंबरावरचा गंज तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढा. ग्राइंडर लावू नका, नंबर घासला गेला की गाडी कायमची संशयात येते. कागद संपलेले असतील तर गाडी ट्रेलरवर चढवूनच घरी आणा.

चेसिस

चेसिसच्या लांब पट्ट्यांच्या उभ्या बाजूवरच्या गंजाची फार काळजी नको. बघायच्या जागा तीन: स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरभोवती, क्रॉस मेंबरच्या (आडव्या पट्ट्यांच्या) सांध्यांपाशी आणि केबिनच्या अगदी मागे, जिथे हौद्याचं ओझं सुरू होतं. रिव्हेटच्या डोक्याखालून तांबूस ओघळ आलेला दिसला तर ते रिव्हेट सैल आहे, आत हालचाल होतेय. हातोडीने टिचकी मारा. घट्ट रिव्हेट टणक वाजतं, सैल बद्द. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग केलेलं असेल तर भाव निम्म्यावर आणा किंवा गाडी सोडा. भार आला की ती पट्टी वेल्डिंगच्या कडेलाच फाटते.

चाकं: इथे जीव जातात

९.००-२० चं चाक तुकड्यांचं असतं. डिस्क, बाजूची रिंग आणि लॉक रिंग, आत ट्यूब आणि पट्टा. गंजलेली लॉक रिंग हवा भरताना सुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी येते. म्हणून पुढच्या गोष्टींत सूट नाही.

नट ढिले करण्याआधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. मागच्या जोडीत दोन्ही चाकांची सोडा, फक्त बाहेरच्याची नाही. डिस्कला तडा गेलेला असेल तर तिला केवळ नटांनीच धरून ठेवलेलं असतं, आणि नट निघाला की सगळा दाब तुमच्या अंगावर येतो. नट उलट्या आट्याचे आहेत का तेही बघा. उलट्या आट्याच्या स्टडच्या टोकाला बहुधा 'एल' कोरलेला असतो. ते न बघता लांब पाइप घालून जोर लावला तर स्टड तुटतो.

चाक खोलल्यावर रिंगची खाच आणि डिस्कची कड पूर्ण चकचकीत होईपर्यंत घासा. वाकलेली, कडेला झिजलेली किंवा दुसऱ्या चाकाची रिंग बसवू नका. दिसायला सारख्या रिंगा मापाला सारख्या असतीलच असं नाही. टायर बसवल्यावर आधी जेमतेम अर्धा किलो हवा भरा, थांबा, रिंग सगळीकडे सारखी बसली का बघा. बसली नसेल तर हवा पूर्ण सोडून पुन्हा बसवा. हवा असताना हातोडी लावायची नाही. उरलेली हवा लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवून, लांब नळीने, रिंगच्या समोर न उभं राहता भरा. पिंजरा नसलेल्या दुकानात हे चाक भरू देऊ नका.

टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शिक्का तीनच आकडी असेल तर टायर २००० सालाआधीचा. दहा वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी भाराला वापरू नका.

ब्रेक

यात दोन प्रकार भेटतात. जुन्यांत हायड्रॉलिक ब्रेक आणि त्याला हवेच्या सर्वोची मदत, नंतरच्यांत पूर्ण हवेचे. मधल्या काळात बदल केलेल्या गाड्याही मिळतात, म्हणून पाइप हाताने शेवटपर्यंत माग काढत बघा.

हायड्रॉलिक असेल तर चारही ड्रम उतरवा. ड्रम ओढून निघत नसेल तर शू आधी आत घ्या. वर्षानुवर्षांच्या झिजेने ड्रमच्या कडेला ओठ तयार झालेला असतो आणि शू त्यातच अडकतात. जुन्या लाइनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. आतली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा. व्हील सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करत बसू नका, सिलिंडर बदला किंवा स्लीव्ह घाला. रबर किट, होज आणि मास्टर सिलिंडरचे कप सगळे नवे घ्या. हे रबर पेट्रोल-डिझेलने धुतलं की फुगतं आणि आठवड्याभरात ब्रेक जाम होतात. ते फक्त ब्रेक ऑइलनेच धुवायचं. आधीच्या मालकाने कुठे तांब्याचा पाइप घातला असेल तर काढा आणि स्टीलचा घाला. डॉट-३ भरून सर्वांत लांबच्या चाकापासून एअर काढत जवळ या.

हवेच्या बाजूला टाकीचा कॉक उघडा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीतून गंजाचं पाणी निघतंच. इंजिन सुरू झाल्यावर पूर्ण हवा भरा, इंजिन बंद करा आणि काट्यावर खडूने खूण करा. दहा मिनिटांत काटा नजरेला दिसेल इतका उतरला तर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. नंतर एकाने पेडल दाबून धरायचं आणि पुन्हा तीच तपासणी करायची, कारण चेंबरचा फाटलेला डायफ्रॅम पेडल दाबल्यावरच कळतो. या गाड्यांना आजच्यासारखे स्प्रिंग ब्रेक नसतात. हवा गेली की चाकं आपोआप धरली जात नाहीत. म्हणून गाडी कुठेही उभी केली की चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (ठोकळे) लावायची, सपाटीवरसुद्धा.

इंजिन

सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ४० ते ५० मिली अर्धं डिझेल, अर्धं इंजिन ऑइल घाला आणि दोन दिवस तसंच ठेवा. सायलेन्सरवाटे पावसाचं पाणी उघड्या एक्झॉस्ट वॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. नोझल जागेवर असताना सेल्फ मारला तर ते पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन दिवसांनी पुढच्या पुलीच्या नटावर मोठा पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जबरदस्ती नको. थोडं मागे, थोडं पुढे, पुन्हा मिश्रण, पुन्हा एक दिवस. दोन पूर्ण फेऱ्या मोकळ्या झाल्या की पुढे जा.

संपचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) बोल्ट काढताना खाली स्वच्छ भांडं ठेवा. आधी पाणी आलं किंवा ऑइल ताकासारखं पांढरट असलं तर हेड गॅस्केट किंवा हेडचा तडा शोधावा लागेल. नवं ऑइल १५डब्ल्यू-४० घ्या आणि डिपस्टिकच्या खुणेपर्यंतच भरा. नव्या ऑइलमधलं डिटर्जंट जुना गाळ सोडवतं, म्हणून पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरलाच बदला.

टपेटची (वॉल्व्हची) फट थंड इंजिनवर: इनलेट ०.२० मिमी, एक्झॉस्ट ०.३० मिमी. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. नोझल डिझेल पंप-नोझल तपासणाऱ्या लॅबमध्ये द्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनला साधारण २०० बारला उघडायला हवी आणि नंतर टपकायला नको. टपकणारी नोझल पिस्टनचं डोकं जाळते. तांब्याचे वॉशर नवेच घ्या.

आता पंप, आणि इथे घाई करू नका. मायको कंपनीच्या इनलाइन डिझेल पंपात आत एक रॅक सरकतो, तोच डिझेलचं प्रमाण ठरवतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत तो चिकटतो. भरपूर डिझेलच्या जागी चिकटला असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम पळतं आणि चावी बंद केल्याने थांबत नाही. म्हणून सेल्फ मारण्याआधी पंपाची बाजूची झाकणी काढून रॅक बोटाने मोकळा हलतो का बघा, आणि स्टॉपची तार ओढल्यावर तो पूर्ण बंदच्या जागी येतो का तेही. शंका असेल तर पंप उतरवून लॅबला द्या. पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि इनटेकच्या तोंडापाशी जाड, सपाट फळी घेऊन माणूस उभा करा. इंजिन पळालं तर हवा कोंडणं हाच उपाय. हात किंवा फडकं लावायचं नाही, आत ओढलं जातं. ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलं तरी इंजिन तेच ऑइल पिऊन पळू शकतं.

डिझेल टाकी उतरवून धुवा, फिल्टर दोन्ही बदला. फीड पंपाचा हातपंप मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला ठेवून बुडबुडे जाईपर्यंत एअर काढा, तो आवळा, मग पंपावरचा. शेवटी नोझलचे नट ढिले ठेवून सेल्फवर. आजच्या कमी गंधकाच्या डिझेलने जुने रबरी सील आकसून गळतात, ते व्हिटन या डिझेलला टिकणाऱ्या रबराचे घाला.

स्टॉप ओढून ठेवून सेल्फ १० ते १५ सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, असं ऑइलचा काटा हलेपर्यंत करा. त्यानंतरच डिझेल सोडा. सुरू झाल्यावर ऑइलचा काटा १० सेकंदांत वर आला नाही तर बंद करा. तापलेल्या इंजिनला आयडलवर निदान अर्धा किलो आणि चालताना अडीच किलोच्या वर दाब हवा. पांढरा धूर गरम झाल्यावर गेला तर ठीक, गोडसर वासाचा राहिला तर कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑइल. भार नसतानाही काळा असेल तर नोझल किंवा टायमिंग.

क्लच चिकटलेला असेल तर इंजिन चांगलं गरम करून, पेडल दाबून लाकडी टेकू लावून रात्रभर ठेवा. बहुतेक वेळा सकाळी सुटतो.

गिअर आणि घाट

गिअरबॉक्समध्ये ८०डब्ल्यू-९०, पण जीएल-४. जीएल-५ मधली रसायनं आतल्या पितळी भागांना खातात. ते डिफरन्शिअलला चालतं. जुन्या कॉन्स्टंट मेश बॉक्सला सिंक्रो (गिअरचा वेग आपोआप जुळवणारा भाग) नाही. गिअर चढवताना: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा क्लच, वरचा गिअर. उतरवताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून अॅक्सिलरेटरचा एक ठोका द्या, मग क्लच दाबून खालचा. करकर आवाज आला तर जोर लावू नका, पुन्हा न्यूट्रलपासून सुरू करा. सपाट रस्त्यावर हात बसल्याशिवाय घाटात जाऊ नका.

खंबाटकी असो की कसारा, ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, आणि तो गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा. उतारावर न्यूट्रलमध्ये अडकलात तर सिंक्रो नसलेल्या बॉक्समध्ये गिअर पुन्हा मिळेलच असं नाही, आणि ड्रम तापले की पेडल खाली जातं पण गाडी धरत नाही.

ग्रीसिंग दर १,००० ते १,५०० किलोमीटरला. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनला) ग्रीस मारताना पुढचा अॅक्सल जॅकवर उचला, नाहीतर ग्रीस दाबाच्या बाजूला जातच नाही. जॅकवर असतानाच चाक वर-खाली धरून हलवा. चाकाबरोबर स्टब हलला तर किंगपिनचे बुश गेले, फक्त हब हलला तर बेअरिंग आवळा. जुने पार्ट मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर धुंडाळावे. मॅनिफोल्ड किंवा ब्रॅकेटसारखं तुटलेलं ओतकाम कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावातल्या फाउंड्रीत नमुना देऊन करून घेता येतं. नमुना देताना आटणाऱ्या मापाची भर आणि मशीनिंगची जागा धरायला सांगा, नाहीतर भोकं जुळत नाहीत.