हॉस्टेलच्या खोलीसाठी सामान कसं भरावं? दिवाळीपर्यंत पुरेल एवढंच

मी हॉस्टेलला निघालो तेव्हा वडिलांनी पत्र्याची नवीकोरी पेटी घेतली होती. अंबाजोगाईला ती एसटीच्या टपावर चढली, पुण्यात हमालाच्या डोक्यावरून उतरली आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही बाप-लेकांनी धापा टाकत नेली. कॉटखाली सरकवायला गेलो, तर पेटी १६ इंच उंच आणि कॉटखालची जागा १४ इंच. वर्षभर ती पेटी दाराशी बसून राहिली. खोलीतल्या तिघांच्याही पायाची करंगळी तिच्यावर आपटून झाली. वडील भेटायला आले की तिच्यावरच बसायचे, एवढाच काय तो उपयोग.

यंदा भाचीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. ताईने यादी करायला घेतली आणि तिसऱ्या पानावर पोचली. तेव्हा मी मध्ये पडलो.

आधी खोलीचं माप काढा

बॅगा उघडायच्या आधी फोन करायचा. त्याच हॉस्टेलमधली एखादी सिनिअर गाठा, नाहीतर रेक्टरच्या ऑफिसात विचारा. प्रश्न ठरलेले आहेत. कॉट किती बाय किती? कॉटखाली किती इंच जागा आहे? गादी मिळते की आणायची? कपाटाला कडी आहे का, आणि ती जाड आहे की बारीक? पॉइंट किती, कॉटपासून किती लांब? मेसमध्ये ताट-वाटी देतात का? गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं? खोलीचा एक व्हिडिओ मागवलात तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

भाचीची खोली १० बाय १२ची आहे, तिघींत. हिशेब करून बघितला. १२० चौरस फुटांतून तीन कॉट गेल्या, तीन टेबलं गेली, तीन कपाटं गेली. उरलेल्या जमिनीचे तीन भाग केले तर वाट्याला जेमतेम १५ चौरस फूट येतात. म्हणजे एक चटई. ताईच्या तीन पानी यादीतलं सामान त्या चटईवर ठेवायचं होतं.

मुक्काम दिवाळीपर्यंतच धरा

पालक सामान भरतात ते चार वर्षांचं. पण मूल दिवाळीला घरी येणारच असतं, आणि मध्ये गणपती नाहीतर दसरा असतोच. सीईटीच्या फेऱ्या आटोपून पहिल्या वर्षाचे वर्ग साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. तिथून दिवाळी दोन-अडीच महिन्यांवर. तेवढ्यापुरतंच भरायचं. स्वेटर, शाल, जाड रजई हे दिवाळीनंतरच्या खेपेला. पुण्यात थंडी पडते ती त्यानंतरच.

कपड्यांचा आकडाही यावरूनच निघतो. हॉस्टेलमध्ये कपडे धुतले जातात रविवारी (आठवड्यात दोनदा धुवीन म्हणणारे पुष्कळ पाहिलेत, धुणारा एकही नाही). पावसाळ्यात ते वाळायला दोन-तीन दिवस. म्हणजे सात आणि तीन, आतल्या कपड्यांचे दहा जोड. वरचे सहा-सात कुर्ते किंवा टीशर्ट पुरतात, खालचे तीन-चार. त्यात जीन्स एकच. भर पावसात धुतलेली जीन्स चौथ्या दिवशीही कमरेपाशी ओलीच असते आणि कुबट वास मारते. दोन पातळ टॉवेल घ्या, एक जाड नको. सणासुदीचा एक जोड ठेवा, कॉलेजात काही ना काही निघतंच.

वर्कशॉपचा एप्रन, ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेघा मारायचं साधन), ड्रॉइंगशीटची नळकांडी यातलं काहीही गावातून विकत घेऊन जाऊ नका. एप्रनचा रंग कॉलेज ठरवतं, आणि ड्राफ्टर सिनिअरकडून निम्म्या किमतीत मिळतो. तीच गोष्ट पुस्तकांची. अप्पा बळवंत चौकात नवी-जुनी दोन्ही मिळतात, तीही कोणतं पुस्तक खरंच लागतं ते कळल्यावर घ्यावीत.

कागदपत्रांची फाईल खांद्यावर

ही फाईल सामानात भरायचीच नाही. ती पाठीवरच्या सॅकमध्ये. झोप लागली तरी सॅक मांडीवर. अलॉटमेंट लेटर, सीईटीचं गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल आणि आधार. लागू असेल त्यांना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला. सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं आणि पुढे कुठे लागला की धावाधाव होते, म्हणून झेरॉक्स आधी काढायच्या. पासपोर्ट फोटो डझनभर असू द्या. हॉस्टेल, मेस, ग्रंथालय, ओळखपत्र, प्रत्येकाला दोन-दोन लागतात.

फाईलमधला प्रत्येक कागद मोबाइलवर स्कॅन करून स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा. शिष्यवृत्तीसाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा असेल तर मुलाच्या किंवा मुलीच्या नावाचं खातं आधारला जोडलेलं हवं. ते काम गावातल्या बँकेत, ओळखीच्या माणसाकडून, निघायच्या आधी उरका. आणि रॅगिंगविरोधी हमीपत्र आई-वडिलांकडूनही लागतं, ते भरल्याशिवाय गावी परतू नका.

पेंटची बादली

आता माझ्या आवडीची गोष्ट. घराला रंग दिला की २० लिटरची झाकणवाली बादली उरते. ती हॉस्टेलसाठी न्यायची. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची घ्या. ऑइलपेंटचा डबा नको, त्याचा वास जात नाही. आतून घासून तीन-चार दिवस उन्हात उघडी ठेवली की झालं.

प्रवासात ती पेटीसारखी चालते. डबे, मग, साबण, चपला, सांडणारं-फुटणारं सगळं त्यात उभं राहतं. खोलीत पोचल्यावर तीच खाऊची कोठी होते. झाकण एवढं घट्ट की मुंग्या तर सोडाच, उंदीरही आत जात नाही. पाहुणं आलं की ती स्टूल. ताईला हे फार पटलं नाही. "लोक काय म्हणतील, पेंटची बादली घेऊन आली," म्हणाली. मी म्हटलं, नेऊन तर बघू.

अंघोळीची बादली मात्र वेगळी, आणि ती तिथेच घ्या.

खाऊ कसा भरायचा

लोणचं बॅगेत सांडलं की त्याचा डाग आणि वास दोन्ही डिग्री मिळेपर्यंत सोबत करतात. म्हणून लोणचं काचेच्या बरणीत नाही, रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत. काठोकाठ भरायचं नाही, वर दोन बोटं जागा सोडायची. बरणीच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद ताणून बसवायचा, त्यावरून झाकण फिरवायचं, झाकणाच्या कडेने चिकटपट्टीचे दोन वेढे द्यायचे. मग ती बरणी पिशवीत, पिशवीला गाठ, आणि बादलीच्या तळाशी मधोमध उभी. भोवतीने जुने वर्तमानपत्र कोंबायचे. खड्ड्यांच्या रस्त्याला एवढं केलं तरच टिकतं. भाचीची बरणी पोचल्यावर उघडली तर आतला कागद तेलाने माखला होता, बाहेर मात्र टिपूस नाही.

शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा बिनधास्त द्या. लाडवांबद्दल एक सांगतो. हॉस्टेलमध्ये लाडवांचा डबा उघडल्यावर एक रात्र टिकतो. मजल्यावरच्या सगळ्यांना पुरतील एवढे द्या आणि पहिल्याच संध्याकाळी वाटायला सांगा. अर्ध्या डब्यात आठ ओळखी होतात. स्वतःसाठीचे वेगळ्या लहान डब्यात, कपड्यांच्या मध्ये.

गादी, गोधडी

गादी गावाहून नेऊ नका. दुकानात सिंगल म्हणून मिळते ती बहुधा ६ बाय ३, आणि हॉस्टेलची कॉट पुष्कळदा अडीच फुटीच असते. अर्धा फूट गादी कडेने लोंबते आणि रात्री माणूस तिच्यासकट खाली येतो. कापसाची गादी तर पावसाळ्यात ओल धरते. मापाची फोमची किंवा काथ्याची गादी तिथे मिळते.

घरची गोधडी मात्र न्या. गादी मिळेपर्यंत अंथरायला होते, नंतर पांघरायला. तिला एक सुती खोळ शिवून द्या. खोळ धुता येते. गोधडी पावसाळ्यात भिजवली तर ती पुढच्या रविवारपर्यंत दोरीवरच.

विजेचं थोडं

एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, वायर चार मीटरची. दोन मीटरची टेबलापर्यंत पोचते आणि उशीच्या अलीकडेच थांबते. खोलीतले छोटे पॉइंट ६ अँपिअरचे असतात. २३० व्होल्टने गुणलं तर जेमतेम १३८० वॅट. बाजारातली किटली बरेचदा १५०० वॅटची. ती या पॉइंटला लावली की बोर्ड तापतो, पिन काळी पडते. हीटरचा रॉड आणि इंडक्शन बहुतेक हॉस्टेलांत बंदच असतं, सापडलं की जप्त. त्यामुळे तो खर्च करू नका. इस्त्री तिघींत एक, आणि ती कोण आणणार हे फोनवर आधीच ठरवा. नाहीतर खोलीत तीन इस्त्र्या आणि एकही झाडू नाही, अशी गत होते.

कुलपं दोन, एक कपाटाला आणि एक बॅगेला. घ्यायच्या आधी कुलपाची दांडी कपाटाच्या कडीतून जाते का ते विचारा. भरभक्कम कुलूप घेऊन गेलेल्या आमच्या एका रूममेटने पहिला महिना कपाटाला सुतळी बांधून काढला.

भरायचं कसं

ट्रॉलीबॅग टाळा. रिकामी झाली तरी ती तेवढीच जागा खाते. कापडी डफल बॅग रिकामी झाली की घडी करून गादीखाली जाते. कपड्यांच्या घट्ट वळकट्या करून उभ्या लावा. ओढून काढायला बरं पडतं आणि खालचं वर होत नाही.

पहिल्या रात्रीचं सामान मात्र सॅकमध्येच, फाईलच्या शेजारी. एक चादर, पंचा किंवा टॉवेल, ब्रश, साबण, चार्जर, एक जोड कपडे, कुलूप, डास पळवायची अगरबत्ती, पाण्याची बाटली आणि नेहमीची औषधं असतील तर चिठ्ठीसकट. खोलीचा ताबा मिळायला संध्याकाळ होते. तोपर्यंत फी, फॉर्म, सही, परत दुसऱ्या मजल्यावर. त्या थकव्यात कुणीही बॅग उपसत नाही.

सगळं बांधून झालं की शेवटची परीक्षा घ्या. ज्याला जायचंय त्याने किंवा तिने एकट्याने सगळं सामान उचलून जिना दोनदा चढायचा. जिना नसेल तर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. भाची पहिल्या खेपेला निम्म्या जिन्यातच बसली. तिथेच, पायरीवर, दोन जीन्स, एक जाड पुस्तक आणि स्टीलचा मोठा डबा बाहेर निघाला. रेल्वेने जाणार असाल तर स्लीपरला ४० किलोपर्यंत सामान फुकट नेता येतं, पण जिन्याची परीक्षा त्याच्या फार आधी नापास करते.

पोचल्यावर

कॉट निवडायची वेळ आली तर पावसाळ्यात खिडकीलगतची घेऊ नका, झड आत येते आणि गादी भिजते. पंख्याखालची मिळाली तर उत्तम. बॅगेतून कपडे काढायच्या आधी कपाट आतून ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, खाली वर्तमानपत्र अंथरा, कोपऱ्यात डांबराच्या दोन गोळ्या टाका. मग नायलॉनची दोरी बांधा. दोरी, डझनभर चिमटे, हँगर, अंघोळीची बादली, पायपुसणं, झाडू हे सगळं तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत एका दुपारी होतं. ती खरेदी रूममेटबरोबर करा, आई-वडिलांबरोबर नको.

आणि एक कोरा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. काय कमी पडलं ते एका बाजूला लिहायचं, काय एकदाही वापरलं नाही ते दुसऱ्या बाजूला. पहिल्या सुट्टीला तो कागद घेऊनच घरी यायचं.

भाची दसऱ्याला आली तेव्हा "वापरलं नाही"खाली सात वस्तू होत्या. ताईने हट्टाने भरलेला कप-बश्यांचा सेट सगळ्यात वर. "कमी पडलं"खाली एकच ओळ होती: पेंटच्या झाकणवाल्या बादल्या, दोन, रूममेटसाठी.