चंदीगडची खुर्ची विकण्याआधी ती उलटी करा

“घरात चंदीगडची खुर्ची आहे, किती येतील?” असे फोन मला हल्ली सारखे येतात. फोन करणाऱ्यांच्या वडिलांची नाहीतर सासऱ्यांची नोकरी तिकडे झालेली असते, लष्करात, बँकेत, पीजीआय इस्पितळात. निवृत्त होऊन नाशिकला किंवा पुण्याला परतताना सामानाच्या ट्रकातून एखादी वेताची खुर्चीही आली, माळ्यावर गेली, आणि मग कुणीतरी मोबाइलवर दाखवलं की पॅरिसच्या लिलावात अशीच खुर्ची लाखांत गेली. मी ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्या लाकूडसामानाची डागडुजी करते आणि लिलावाला जाणाऱ्या वस्तूंचे कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तू कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद, लिहून देते. फोनवर मी किंमत सांगत नाही. खुर्ची उलटी करा, टॉर्च लावून खालचे फोटो काढा आणि ती घरी कशी आली याचा जो काही कागद असेल तो शोधा, एवढंच सांगते. या खुर्चीची किंमत लाकडात थोडी आणि तिच्या हकिगतीत जास्त आहे, तीही हकिगत दाखवून देता आली तर.

ती हकिगत थोडक्यात अशी. १९५१ पासून वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांनी चंदीगड हे नवं शहर उभारण्याचं काम हाती घेतलं, पण तिथे राहून रोजचं काम पाहिलं ते त्यांचे नात्याने भाऊ लागणारे पिएर जानरे यांनी. १९६५ पर्यंत ते चंदीगडातच होते. नव्या कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, वसतिगृहं, सगळ्यांना खुर्च्या-टेबलं हवी होती. जानरे आणि युली चौधरींसारख्या त्यांच्या सहकारी वास्तुरचनाकारांनी सागवान, शिसवी आणि वेत वापरून साधी, मजबूत, कोणत्याही सुताराला जमतील अशी डिझाइनं केली, आणि ती वेगवेगळ्या स्थानिक कारखान्यांतून बनवून घेतली. पुढे हे सामान मोडलं, निर्लेखित झालं, म्हणजे सरकारी नोंदीतून निकामी म्हणून काढलं गेलं, गच्च्यांवर ढीग लागले आणि खात्यांनी ते भंगाराच्या भावाने लिलावात काढलं. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचललं, दुरुस्त केलं आणि पॅरिस-न्यूयॉर्कला विकलं. शंभर वर्षं पूर्ण झालेली नसल्यामुळे आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा या खुर्च्यांना लागू होत नाही, म्हणून त्या बाहेर गेल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चंदीगडच्या वारसा फर्निचरची सरकारी विक्री थांबवली. वारसा यादीत १२,७९३ वस्तूंची नोंद आहे.

म्हणून पहिला प्रश्न पावतीच्या तारखेचा. २०११ च्या आधी सरकारी लिलावात रीतसर घेतलेली खुर्ची तुमची आहे. त्यानंतर एखाद्या कचेरीतून “अशीच मिळालेली” खुर्ची चोरीचीही असू शकते. तशा वस्तूला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

उलट्या खुर्चीत काय बघायचं

खुर्ची सतरंजीवर पालथी घाला. मागच्या आडव्या पट्टीवर किंवा बैठकीखाली रंगाने उठवलेली अक्षरं असतील: खात्याचं संक्षिप्त नाव, वस्तूची खूण, क्रमांक. हा सरकारी साठ्याचा नंबर. तो पत्र्याच्या साच्यातून मारलेला असल्यामुळे इंग्रजी ‘ओ’ किंवा ‘पी’ अक्षराच्या पोटात साचा जोडणाऱ्या पट्टीची बारीक फट दिसते. आता भिंग घ्या. खऱ्या जुन्या अक्षरांचा रंग लाकडाच्या रेषांमध्ये उतरलेला असतो, हात लागतो तिथे झिजलेला असतो, आणि लाकडावरचा एखादा ओरखडा अक्षरावरूनही तसाच पुढे जातो. नकली नंबर ताज्या पॉलिशवर तरंगतो. ओरखडा त्याच्या खालून जातो. एवढी एक खूण नीट पाहता आली तरी बाजारातल्या बऱ्याच नकला बाजूला पडतात.

मग स्क्रू. जुने स्क्रू एका खाचेचे. चार खाचांचा, ज्याला आपण स्टार स्क्रू म्हणतो तो दिसला तर ती जागा नंतर दुरुस्त झालेली आहे. त्याने खुर्ची खोटी ठरत नाही, पण ते रिपोर्टात लिहावं लागतं. पायांचे तळ बघा. फरशीवर वर्षानुवर्षं ओढलेल्या खुर्चीचे पाय मागच्या कडेला जास्त झिजतात, कारण माणूस रेलतो. चारही तळ सारखे गुळगुळीत असतील तर पाय खालून कापलेत का, ते उंची मोजून पडताळा. बैठकीखालचं लाकूड, जिथे पॉलिशवाल्याचा बोळा कधी पोचला नाही, ते हवेने काळवंडलेलं असायला हवं.

वेताची भोकंही बोलतात. वेत दहा-पंधरा वर्षांत सैल पडतो, म्हणून जुन्या खुर्चीचा वेत पुन्हा विणलेला असणारच. भोकांच्या कडा दोरखंडाने विहिरीचा काठ झिजावा तशा गोल झालेल्या असतात. (हे विणकाम आपल्याकडे अंध कारागिरांना शिकवलं जाई आणि सरकारी कचेऱ्यांत त्यांना त्यासाठी नेमलं जाई. वेत नीट ताणलेला दिसला की मला त्या बोटांची आठवण होते.) भोकांच्या कडा धारदार असतील आणि विक्रेता “मूळ वेत” म्हणत असेल तर थांबा.

एक अजून. सहा खुर्च्यांचा संच मिळाला आणि सहाही मिलिमीटरपर्यंत तंतोतंत सारख्या निघाल्या, तर आनंद करू नका. वेगवेगळ्या सुतारांच्या हातच्या खुर्च्यांत फरक असतोच: हाताची जाडी, पायांचा कोन, पाठीचा उतार. आज भारतात या डिझाइनच्या नव्या, उत्तम खुर्च्या बनतात आणि नव्या म्हणून प्रामाणिकपणे विकल्याही जातात. लबाडी तेव्हा होते, जेव्हा कुणी त्या उन्हापावसात ठेवून, वर नंबर मारून जुन्या म्हणून खपवतो.

खरं कसं दिसतं हे डोळ्यांत बसवायचं असेल तर एकदा चंदीगडला जाऊन या. सेक्टर ५ मधलं ५७ नंबरचं जानरेंचं घर आता संग्रहालय आहे, आणि सेक्टर १९ मध्ये ल कॉर्बुझिए सेंटर आहे. दोन्हीकडे तासभर फक्त सांधे बघत उभं राहा. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा आमच्या ओशिवऱ्यात खरेदीला त्यानंतर या.

कागद कसा जुळवायचा

नाशिकच्या एका बाईंकडे पावती होती, पण तिच्यावर फक्त “निर्लेखित लाकडी सामान, मोडके, एक ढीग” एवढंच. खात्याचा शिक्का, तारीख आणि रक्कम स्पष्ट. पण त्या ढिगात ही खुर्ची होती, हे कसं दाखवणार? आम्ही असं केलं. खुर्चीवरच्या नंबरातलं खात्याचं नाव आणि पावतीवरचा शिक्का एकाच खात्याचा आहे हे फोटोंनी दाखवलं. त्यांच्या अल्बममधला मुलाच्या मुंजीचा फोटो काढला. मागे भिंतीला लागून तीच खुर्ची, डाव्या हाताच्या टोकाला तीच टवका उडालेली जागा. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि साल. वडिलांच्या बदलीचा आदेश, ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती. शेवटी बाईंनी स्वतःच्या शब्दांत एक पानभर हकिगत लिहून सही केली. लिलावगृहाला या पाच कागदांनी जो विश्वास वाटला तो माझ्या रिपोर्टाने वाटला नसता.

हे कागद लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत मूळ प्रत, वेगळीकडे झेरॉक्स, आणि स्कॅन मेलमध्ये.

हात लावू नका

लोक मला फोन करतात आणि त्याच आठवड्यात पॉलिशवाल्याला बोलावतात, कारण खुर्ची “चांगली दिसायला हवी”. कृपा करून हे करू नका. रंधा किंवा पॉलिश पेपर फिरला की वरची काळोखी जाते, नंबर पुसट होतो, आणि पन्नास-साठ वर्षांचा वापर निघून जातो. तो परत लावता येत नाही. वेत फाटला असेल तर फाटलेलाच पाठवा, पुढचा मालक ठरवेल. कोरड्या मऊ फडक्याने धूळ, एवढंच. अपवाद एकच: खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर किडा जिवंत आहे. तेव्हा खुर्ची इतर लाकडापासून वेगळी करा आणि जाणकाराकडून औषध टोचून घ्या. पावसाळ्यात प्लॅस्टिक गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. सुती चादर पुरते.

सही असेल तर

जानरे खुर्च्यांवर सही करत नसत. सहीची खुर्ची कुणी दाखवली तर ते किमतीचं नव्हे, शंकेचं कारण आहे. सह्या सापडतात त्या नकाशांवर, पत्रांवर, छापील चित्रांवर. नकाशाची अमोनिया प्रिंट, म्हणजे मूळ ट्रेसिंगवरून रसायनाने काढलेली प्रत, असेल तर भिंगाखाली सहीचा रंग बघा. नकाशातल्या रेषांचा आणि सहीचा रंग एकच असेल तर सही मूळ ट्रेसिंगवर होती आणि ही तिची प्रत आहे. हाताने केलेल्या सहीची शाई कागदावर वेगळी बसते, वळणावर दाट होते, उचलताना बारीक होते. कागद पाठीमागून तिरक्या उजेडात धरला तर पेनाचा दाबही दिसतो. आणि तो नकाशा सरकारी फाइलमधला असेल, तर तो विकायचा विचार सोडा. १९९३ च्या कायद्याने सरकारी अभिलेख परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. चंदीगडचा नकाशा उठवलेली गटारांची लोखंडी झाकणंसुद्धा परदेशी लिलावांत पोचली आहेत. रस्त्यावरून उचललेली वस्तू कुठल्या पावतीने कुणाची होते, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही, आणि अशा मालापासून संग्राहकांनी लांब राहावं असं मला मनापासून वाटतं.

लिलावात

मुंबईत सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तागुरू ही लिलावगृहं आहेत. आधी फोटो, मापं आणि कागद पाठवा. खुर्ची घेऊन जाऊ नका. एकाच वेळी दोघातिघांना विचारायला हरकत नाही, पण सही एकाकडेच. करारात चार गोष्टी वाचा: विक्रेत्याचं कमिशन, फोटो-वाहतूक-विम्याचा खर्च कोणाकडे, माल मागे घेतला तर दंड किती, आणि न विकलेली वस्तू किती दिवसांत उचलायची.

राखीव किंमत म्हणजे रिझर्व्ह. याच्या खाली वस्तू सुटत नाही. ती सहसा अंदाजित किमतीच्या खालच्या आकड्याहून जास्त ठेवत नाहीत. अंदाज चढा ठेवण्याचा हट्ट धरू नका. माफक अंदाजावर चार जण बोलीला येतात, चढ्या अंदाजावर कुणीच येत नाही. एकदा न विकलेली खुर्ची सगळ्यांच्या नोंदीत राहते आणि पुढच्या वेळी तिला भाव कमी येतो.

घेणाऱ्यांनी हिशेब असा करावा. हातोडा १ लाखावर पडला आणि प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याने लिलावगृहाला वर द्यायची रक्कम, २० टक्के असेल तर १ लाख २० हजार, वर जीएसटी, वर वाहतूक. मनातली कमाल रक्कम या शेवटच्या आकड्याची धरा आणि बोली त्यावरून मागे मोजा. कॅटलॉगमधले शब्द जपून वाचा: थेट “पिएर जानरे” लिहिलेलं असलं तर लिलावगृह त्यामागे उभं आहे. “जानरे यांची समजली जाणारी” यात ते एक पाऊल मागे आहे. “जानरे धाटणीची” म्हणजे कुणीही, कधीही बनवलेली.

परदेशी पाठवायची असेल तर लाकूड कोणतं ते आधी ठरवा. सागवानाला अडचण कमी. शिसवीच्या जातीची लाकडं २०१७ पासून व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत आणि जड सामानाला परवानगीचे कागद लागतात. शंभर वर्षांपुढचं फर्निचर तर बाहेर नेताच येत नाही. त्यात हस्तिदंताची जडावट असेल तर देशातही विकता येत नाही.

पैसे घेणाऱ्याने भरल्यावर काही आठवड्यांनी विक्रेत्याला मिळतात. ती मुदत करारात लिहून घ्या, आणि कराचं आपल्या सीएला विचारा. मूळ पावती खुर्चीबरोबर जाऊ द्या, प्रत स्वतःकडे ठेवा. पुढे कधी ती खुर्ची पुन्हा लिलावात आली तर मूळ मालकाचं नाव न छापता “नाशिकचं एक कुटुंब” एवढं तरी लिहा, असं लिलावगृहाला मी दर वेळी सांगते.