मुलासोबत 'अ ब्राँक्स टेल' बघायचाय? मग असा बघा

घरात वयात येणारा मुलगा असेल आणि त्याला गल्लीतल्या भाईचे वाढदिवसाचे बॅनर, काळ्या काचांची गाडी, मागे फिरणारी दहा पोरं हे सगळं भारी वाटायला लागलं असेल तर लेक्चर द्यायच्या भानगडीत पडू नका, एक रविवार मोकळा ठेवा आणि त्याच्याबरोबर बसून १९९३ चा 'अ ब्राँक्स टेल' बघा. रॉबर्ट डी नीरोने डिरेक्ट केलेला हा पहिला सिनेमा, त्यात तो स्वतः बापाचं काम करतो, बस ड्रायव्हर लोरेन्झो. समोर गल्लीचा डॉन सोनी, ते काम चॅझ पाल्मिंटेरीचं, आणि या दोघांच्या मधे अडकलेला मुलगा कॅलोजेरो. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सची इटालियन वस्ती, आधी १९६० साल, मग १९६८.

आधी वयाचं बोलते. चौदा-पंधराच्या खालच्या मुलांना नको, शिव्या खूप आहेत, काळ्या लोकांबद्दल फार घाणेरडं बोललं जातं, आणि गोळीबार, मारामारी, जाळपोळ आहेच. तुम्ही आधी एकदा एकट्याने बघून घ्या म्हणजे कुठे काय येतंय ते माहीत असेल आणि ऐनवेळी रिमोट शोधावा लागणार नाही. सबटायटल्स चालू ठेवा, त्या वस्तीतलं इंग्लिश भराभर आणि वेगळ्या ढंगाचं आहे, नुसतं ऐकून निम्मं निसटतं. सिनेमा दोन तासांचा आहे, जेवणं उरकून बसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सोनी आवडू द्या. खरंच आवडू द्या. आपण पालक लोक पहिल्या दहा मिनिटांत "बघ हां, हा वाईट माणूस" असं सुरू करतो आणि तिथेच मुलगा मनाने उठून जातो. सोनी रुबाबदार आहे, हुशार आहे, आणि त्या पोरावर त्याचा मनापासून जीव आहे, तो त्याला शाळा सोडू नको म्हणतो, टुकार मित्रांपासून लांब राहा म्हणतो, माझं आयुष्य तुझ्यासाठी नाही असंही सांगतो. हे सगळं खोटं नाहीये म्हणून तर सिनेमा इतका खरा वाटतो. नऊ वर्षांचा पोरगा घराच्या पायऱ्यांवर बसलेला असतो, समोर भांडण होतं, सोनी एकाला गोळी घालतो आणि मग त्याची आणि पोराची नजरानजर होते. पोलीस येतात, ओळख पटवायला पोराला खाली आणतात, एकेका माणसासमोर उभं करतात, बाप शेजारीच असतो, आणि पोरगा सोनीसमोर पण मान हलवून नाही म्हणतो. तिथून सोनीची मर्जी बसते. इथे पॉज करून "तू काय केलं असतंस" वगैरे विचारू नका, चालू राहू द्या.

पैशाचा सीन मात्र नीट बघा. पोरगा बारमध्ये किरकोळ कामं करतो, फासे टाकतो, त्याला टिपा मिळतात आणि एक दिवस बापाला त्याच्याकडे ६०० डॉलर सापडतात. १९६० साली ६०० डॉलर म्हणजे बस ड्रायव्हरच्या घरात केवढी रक्कम असेल विचार करा! लोरेन्झो ते पैसे उचलतो, तडक बारमध्ये जातो आणि सोनीच्या माणसांनी भरलेल्या त्या जागेत सोनीलाच परत देतो, माझ्या मुलापासून लांब राहा म्हणतो. घाबरलेला असतो तो, चेहऱ्यावर दिसतं, तरी बोलतो. बाहेर आल्यावर पोरगा रडत त्याच्यावरच ओरडतो की सोनीचंच बरोबर आहे, कष्ट करणारा माणूस मूर्ख असतो. आणि बाप रस्त्यावर उभा राहून सांगतो की बंदुकीचा घोडा ओढायला ताकद लागत नाही, रोज पहाटे उठून कामावर जाणं, तेच काम रोज करणं, ताकद तिथे लागते. मला विचाराल तर अख्खा सिनेमा या पाच-सात मिनिटांत आहे.

त्याच्या आधी एक छोटा सीन आहे तो सुटतो बहुतेकांच्या नजरेतून. बसमधून आकड्याच्या चिठ्ठ्या पोचवायच्या, आपल्याकडच्या मटक्यासारखा धंदा, एवढं केलं तर वरचे पैसे मिळतील अशी ऑफर लोरेन्झोला येते आणि तो नाही म्हणतो. आईला मात्र घरखर्च दिसत असतो. मला ती आई फार जवळची वाटते, ती लोभी अजिबात नाहीये, तिला फक्त महिन्याचा हिशोब माहीत आहे. सिनेमा झाल्यावर मुलाशी बोलायला सुरुवात इथून करा, कारण घरात पैसे कुठून येतात आणि कोणते पैसे आपण घेत नाही हे बोलणं मुलांशी सहसा होतच नाही.

दुसऱ्या भागात कॅलोजेरो सतरा वर्षांचा आहे, जेन नावाच्या काळ्या मुलीवर त्याचं प्रेम बसतं आणि दोन्ही वस्त्यांमध्ये वातावरण तापलेलं. इथे गंमत बघा, एवढा सरळमार्गी बाप, पण मुलगी दुसऱ्या वंशाची म्हटल्यावर तो अडखळतो आणि सोनी म्हणतो तुला आवडते ना मग झालं. म्हणजे प्रत्येक वेळी बापच बरोबर असं नाहीये. मुलाने हे बोलून दाखवलं तर विषय बदलू नका, मान्य करा, आपल्याकडे जातीवरून हेच होतं हे त्याला माहीत असतं, आणि तुम्ही इथे खरं बोललात तर तो पुढचंही ऐकेल.

बाईकवाल्यांना बारमध्ये कोंडून मारतात तो सीन मुलांना प्रचंड आवडतो, क्लिपा फिरत असतात त्याच्या. तिथे काही बोलू नका. सीन संपल्यावर कॅलोजेरोचा चेहरा दाखवलाय फक्त तेवढं त्याने बघितलं की नाही ते नंतर विचारा.

जिथे खरंच थांबून बोलावं असा सीन म्हणजे गाडीचा. गाडीत बॉम्ब होता असं कळल्यावर सोनीचा पहिला संशय कुणावर जातो तर कॅलोजेरोवर. ज्याला मुलासारखं वाढवलं त्याच्यावरच तो हात उचलतो. पोरगा कोलमडून जातो. आता लोरेन्झोच्या बाजूने विचार करा, तो रागावतो, ओरडतो, पण मुलगा आपल्या जिवावर उठलाय असं त्याच्या स्वप्नातही येणार नाही. सोनीकडे गाड्या आहेत, माणसं आहेत, सगळी गल्ली घाबरते, आणि विश्वास ठेवायला एकही माणूस नाही. तुमच्या मुलाला एवढंच विचारा, सोनी रात्री शांत झोपत असेल का? उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. पुढे सोनीच कॅलोजेरोला मित्रांच्या गाडीतून ओढून बाहेर काढतो आणि त्यामुळे तो वाचतो, ते मित्र पेट्रोल बॉम्ब घेऊन निघालेले असतात आणि त्याच गाडीत जळून मरतात. म्हणून म्हणते, सोनीला एका शब्दात बसवू नका.

शेवट सांगत नाही, पण लोरेन्झो सोनीबद्दल शेवटी जे बोलतो ते बाप लोकांनी कान देऊन ऐका.

सिनेमा संपल्यावर, आधी नाही, मुलाला हे सांगा की यातलं बरंचसं खरं आहे. सोनीचं काम करणाऱ्या पाल्मिंटेरीचं खरं नाव कॅलोजेरो, त्याचे वडील लोरेन्झो खरोखर बस चालवायचे, आणि लहानपणी घराबाहेर बसलेला असताना त्याने एक खून डोळ्यांनी बघितला. त्याने १९८९ मध्ये यावर एकपात्री नाटक केलं, सगळी पात्रं एकटाच करायचा. हॉलिवूडवाले दहा लाख डॉलरपर्यंत द्यायला तयार होते असं तो स्वतः सांगतो, पण पटकथा मीच लिहिणार आणि सोनी मीच करणार या अटीवर अडून बसला, खिशात काही नसताना, आणि डी नीरोने ती अट मान्य केली. वाया गेलेल्या टॅलेंटसारखं दुसरं दुःख नाही हे सिनेमातला बाप सांगतो ना, ते त्याच्या खऱ्या वडिलांचंच सांगणं.

बोलणं त्याच रात्री व्हायला पाहिजे असं काही नाही. दोन-चार दिवसांनी गाडीत, भाजी आणायला जाताना मुलगा आपणहून सोनीचं नाव काढेल, तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा आणि आधी त्याला पूर्ण बोलू द्या.