गॅनोडर्माच्या क्यूपीसीआरसाठी संदर्भ जनुक निवडताना

रेशी अळंबीचं (गॅनोडर्मा) कवकजाल आणि छत्री यांतली जनुकांची अभिव्यक्ती क्यूपीसीआरने (जनुकाच्या आरएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) ताडून पाहताना संदर्भ जनुक, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीची मोजायची ते स्थिर जनुक, म्हणून सवयीने ॲक्टिन किंवा जीएपीडीएच धरलं जातं. तेच अवस्थेनुसार वरखाली होत असेल, तर पुढचा सगळा हिशोब चुकतो. त्यावर हा उपाय:

१. सहा-आठ उमेदवार जनुकं घ्या, पण वेगवेगळ्या कामांची: ट्युब्युलिन, युबिक्विटिन, ईएफ-१ अल्फा, एखादं रायबोसोमल. हे फार महत्त्वाचं आहे. सगळी रायबोसोमलच घेतली, तर ती एकत्रच हलतात आणि जीनॉर्मला (जनुकांची स्थिरता तपासणारं सॉफ्टवेअर) स्थिर भासतात.

२. नमुने तुमच्याच प्रयोगातले हवेत. कवकजाल, कोंब, छत्री, प्रत्येकाचे किमान तीन, वेगवेगळ्या वाढीतले.

३. प्रायमरची (जनुक निवडून वाढवणारे डीएनएचे छोटे तुकडे) कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, मेल्ट कर्व्हला (तापवताना डीएनएचे धागे सुटण्याचा आलेख) एकच शिखर. नसेल तर ते जनुक सोडून द्या.

४. सीटीचे आकडे (संकेत ठरावीक पातळी ओलांडतो ते चक्र) आधी सापेक्ष प्रमाणात बदला आणि मग जीनॉर्म आणि त्याच कामाचं नॉर्मफाइंडर दोन्हींत घाला. जीनॉर्ममध्ये व्ही २/३ हा आकडा (दोनाऐवजी तीन जनुकं धरल्याने किती फरक पडतो ते) ०.१५ च्या खाली आला, की दोन जनुकं पुरतात. त्यांचा भूमितीय मध्य वापरा.

मात्र गॅनोडेरिक आम्ल (रेशीतलं औषधी संयुग) वाढवायला मिथाइल जास्मोनेट (वनस्पतींचं एक संप्रेरक) दिलंत किंवा तापमान बदललंत, तर ही जोडी पुन्हा तपासा.