लहान न्हाणीघराची फरशी बदलण्यापूर्वी
गोव्यातील दमट हवेत लहान न्हाणीघराचे नूतनीकरण करताना टाइलच्या रंगापेक्षा उताराचा विचार आधी करावा. शॉवरखालची जमीन पाणी निचऱ्याच्या जाळीकडे दर मीटरला सुमारे 10 ते 15 मिलिमीटर उतरती ठेवावी. जलरोधक थर भिंतीवर शॉवरच्या उंचीपर्यंत चढवावा आणि तो पूर्ण वाळल्यावर जाळी बंद करून 24 ते 48 तास पाणी साठवून पाहावे. कंत्राटदार घाई करत असला (आणि तो करतोच) तरी ही चाचणी होईपर्यंत फरशी बसवू देऊ नये, विशेषतः जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात, कारण सच्छिद्र चिरा ओल शोषून शेजारच्या खोलीपर्यंत नेतो. दरवाजा बाहेर उघडणारा केल्यास आतली जागा मोकळी होते. एक्झॉस्ट पंख्याची हवा मात्र छताच्या पोकळीत न सोडता थेट घराबाहेर काढावी.